१० मिनिटं गेली, घाई राहिली

जानेवारी २०२६ मध्ये एक छोटासा बदल झाला. ब्लिंकिटने आपल्या जाहिरातीतून ‘१० मिनिटांत’ हे शब्द काढून टाकले. त्याच्या दोनेक आठवडे आधी, ३१ डिसेंबरला, म्हणजे आपण सगळे थर्टी फर्स्टचे बेत आखत होतो तेव्हा, डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांनी देशव्यापी संपाची हाक दिली होती. ‘१० मिनिटांच्या डिलिव्हरीचं वचन बंद करा’ ही त्यांची एक प्रमुख मागणी. मग केंद्रीय कामगार मंत्री मनसुख मांडविया कंपन्यांशी बोलले आणि ते दोन शब्द गेले.

तुमच्या लक्षात आलं का हे? बहुतेक नसेलच. कारण आपल्या रोजच्या जगण्यात काहीच फरक पडला नाही. दूध तेवढ्याच वेळात आलं, मॅगी तेवढ्याच वेळात आली. शब्द गेले, पण आपल्या डोक्यात जे घड्याळ बसलंय ते कुठे गेलंय?

एक काम करा. फोन हातात आहेच, तर अ‍ॅपची ऑर्डर हिस्ट्री उघडा आणि मागच्या ३० दिवसांत किती ऑर्डर केल्या ते मोजा. त्यातल्या किती वस्तू खरंच त्या क्षणी हव्या होत्या, किती संध्याकाळपर्यंत चालल्या असत्या आणि किती मागवल्याच नसत्या तरी चाललं असतं, असे तीन ढीग करा. आकडा काय येतो ते कुणाला सांगू नका, पण लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

शेंडेफळ नावाची डिलिव्हरी सर्व्हिस

खरं सांगायचं तर १० मिनिटांची डिलिव्हरी आपल्या घरांना नवी नाहीच. गॅसवर तेल तापलंय, डब्यात मोहरी नाही, मग हाक कुणाला? घरातल्या सगळ्यात लहान कार्ट्याला. ‘जा रे, पळत जा आणि पळत ये!’ उरलेल्या सुट्ट्या पैशांची गोळी, हीच डिलिव्हरी फी. कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही एक पोऱ्या असायचा, तो सायकलवर तेलाचा डबा आणून टाकायचा. घाई तेव्हाही होती. फक्त ती रोजची नव्हती.

कारण बाकीचा महिना तीन गोष्टींवर चालायचा. पहिली म्हणजे यादी. पगार झाला की महिन्याचं सामान भरायचं, त्याआधी डबे उघडून काय किती उरलंय ते बघायचं. दुसरी म्हणजे पुरवून वापरणं. शाम्पू संपत आला की बाटलीत पाणी घालून हलवायचा, टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने दाबायची. आणि तिसरी, शेजार. वाटीभर साखर, चार कांदे, विरजणापुरतं दही. गेलेली वाटी रिकामी परत येत नसे, हा अलिखित नियम.

पण लगेच डोळ्यांत पाणी आणू नका. ती महिन्याची यादी लक्षात ठेवायचं काम कुणाच्या डोक्यावर होतं? आईच्या. काय संपलंय, काय संपणार आहे, पाहुणे कधी येणार आहेत, हा सगळा हिशेब बायकांनी वर्षानुवर्षं सांभाळला. आज नोकरी करून घरी येणाऱ्या आईला ट्रेनमध्ये बसल्या बसल्या कोथिंबीर मागवता येते, याला वाईट कसं म्हणायचं? नव्या शहरात रूमवर एकटी राहणारी, रात्री दहा वाजता सॅनिटरी पॅड हवं असलेली मुलगी, तापाने फणफणलेला हॉस्टेलवरचा मुलगा, गुडघे दुखणारे आजोबा, यांच्यासाठी ही सोय खरंच सोय आहे. ते मान्य करूनच पुढे जाऊ.

हा वेग येतो कुठून?

२०२० चा लॉकडाऊन आठवा. तुम्ही शाळेत होता. घरपोच किराण्याचा स्लॉट मिळावा म्हणून घरातली मोठी माणसं पुन्हा पुन्हा अ‍ॅप उघडून बघायची. सामान काही दिवसांनी आलं तरी आनंद व्हायचा. त्यानंतर २०२१ मध्ये आदित पालिचा आणि कैवल्य व्होरा या दोघांनी मुंबईत झेप्टो सुरू केलं. तेव्हा दोघांनीही विशी गाठली नव्हती, आत्ताच्या तुमच्याएवढेच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जुन्या ग्रोफर्सचं नाव ब्लिंकिट झालं आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ते विकत घेतलं. स्विगीचं इन्स्टामार्ट होतंच. नंतर फ्लिपकार्ट आणि अ‍ॅमेझॉनही या शर्यतीत उतरले.

या सगळ्यांचं गणित उभं आहे डार्क स्टोअरवर. नाव गूढ वाटतं, पण गोष्ट साधी आहे. वस्तीच्या मधोमध घेतलेलं छोटं गोदाम, जिथे गिऱ्हाइकाला प्रवेश नाही. कुठल्या भागात काय, किती वाजता खपतं याचा अंदाज घेऊन माल आधीच भरून ठेवलेला. ऑर्डर पडली की आतला माणूस रॅकमधून वस्तू गोळा करतो, पिशवी बांधतो आणि बाहेर थांबलेल्या रायडरच्या हातात देतो.

ब्लिंकिटची मालक कंपनी असलेल्या इटर्नलचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी संपाच्या सुमारास हाच मुद्दा मांडला होता. पॅकिंग अडीच मिनिटांत होतं, मग रायडर सरासरी दोन किलोमीटरपेक्षा कमी अंतर साधारण आठ मिनिटांत कापतो, म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या आसपास. वेग दुकान जवळ असल्यामुळे येतो, गाडी पळवल्यामुळे नाही, असं त्यांचं म्हणणं.

कागदावर हे बरोबर आहे. दोन किलोमीटर भागिले आठ मिनिटं, उत्तर १५ च येतं. पण पुण्यात किंवा मुंबईत गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, सरासरी १५ म्हणजे काय. त्या आठ मिनिटांत सिग्नल आहे, खोदलेला रस्ता आहे, वन-वे आहे. मग सोसायटीचं गेट, वॉचमनचं रजिस्टर, ‘डिलिव्हरीवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये’ ही पाटी आणि ‘बी विंग मागच्या बाजूला आहे’ हा शोध. अशा कामात कमाई मुख्यतः ऑर्डरच्या संख्येवर आणि इन्सेंटिव्हवर ठरते. त्यामुळे रायडरच्या स्क्रीनवर टायमर नसला तरी पोटात टायमर असतो. एका गेटवर गेलेली पाच मिनिटं म्हणजे पुढची हुकलेली ऑर्डर. आपल्या घाटात जागोजागी पाटी असते, ‘अति घाई संकटात नेई’. ती वाचणाऱ्याला घाई कुणी लावली आहे, ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. अमेरिकेत डॉमिनोज ‘३० मिनिटांत पिझ्झा’ची हमी द्यायचं. डिलिव्हरीच्या गाड्यांच्या अपघातांवरून कोर्टात खटले झाले, एका खटल्यात ज्युरीने प्रचंड भरपाई सुनावली आणि डिसेंबर १९९३ मध्ये कंपनीने तिथली हमी मागे घेतली. म्हणजे आपण आज ज्या वळणावर आहोत, तिथून तो देश तीसेक वर्षांपूर्वी गेलाय. आपण मात्र ३० ची १० करून तिथे पोहोचलो.

दोन सेकंदांचा धीर

आता आपल्याकडे वळू. वेगाची सवय लागली की माणसाचं नक्की काय होतं?

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे प्राध्यापक रमेश सीतारामन आणि त्यांचे सहकारी एस. षण्मुग कृष्णन यांनी ऑनलाइन व्हिडिओ बघणाऱ्यांचा अभ्यास केला. थोडेथोडके नाहीत, २ कोटी ३० लाख व्ह्यूज तपासले. व्हिडिओ सुरू व्हायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की लोक सोडून जायला लागतात आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण ५.८ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना दिसलं. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ज्यांचं इंटरनेट वेगवान होतं, ते स्लो नेटवाल्यांपेक्षा लवकर वैतागत होते.

परत वाचा हे. ज्यांना कमी थांबावं लागतं, त्यांनाच थांबणं जास्त जड जातं.

व्हिडिओवरचा हा अभ्यास किराण्याला जसाच्या तसा चिकटवता येणार नाही, पण स्वतःला विचारून बघा. अ‍ॅपवर ‘८ मिनिटं’ दिसत असताना अचानक ‘१७ मिनिटं’ झालं की काय होतं? १७ मिनिटांत घरबसल्या अंडी येणं, हा पाच-सहा वर्षांपूर्वी चमत्कार होता. आज तोच उशीर आहे. वेळ तितकाच आहे, आपली फूटपट्टी आखूड झाली आहे. पूर्वी दुकानात चार जणांच्या मागे उभं राहण्यात तेवढाच वेळ जायचा, पण त्याला कुणी ‘लेट’ म्हणत नव्हतं. त्या वेळात वाणी बोलायचा, ओळखीचं कुणी भेटायचं, समोरच्या बरण्यांत काय आहे ते बघून व्हायचं. आता आपण त्याच वेळात नकाशावरचा स्कूटरचा ठिपका बघतो. तो सिग्नलला थांबला की आपणही श्वास रोखून थांबतो. नुसतं बघत बसलं की वेळ लांबतो, हे कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

धीर संपलाय की सरकलाय?

इथे एक टिपिकल वाक्य येतं. ‘आजकालच्या पोरांना धीरच नाही!’ काका लोकांचं आवडतं वाक्य. पण हे खरं आहे का?

धीराचा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे मार्शमेलोचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे गोड खाऊ ठेवला. आत्ता खाल्ला तर एकच, थोडं थांबलात तर दोन. जी मुलं थांबली ती पुढे जास्त यशस्वी झाली, असं नंतर सांगितलं गेलं आणि धीर म्हणजे स्वभावाचा गुण असं सगळ्यांनी धरून टाकलं. पण २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी जास्त मुलांवर हे तपासलं, घरची परिस्थिती हिशेबात धरली, तेव्हा हा संबंध बराच क्षीण झाला.

त्याआधी रोचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड यांनी आणखी गंमत केली होती. त्यांनी आधी २८ मुलांना चांगले रंग आणून देतो असं सांगितलं. निम्म्यांना खरंच आणून दिले, निम्म्यांना ‘सॉरी, नाहीयेत’ म्हटलं. मग मार्शमेलो ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं होतं ती जेमतेम तीन. म्हणजे धीर हा फक्त आतला गुण नाही. समोरच्यावर विश्वास असेल तर माणूस थांबतो.

आता आपल्या पिढीकडे बघा. स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघायची वाट बघत अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसणारी मुलं आपल्याच वयाची आहेत. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल मुदत उलटून कित्येक आठवडे रखडले, तेव्हा थांबले ते विद्यार्थीच. स्टॉपवर पाऊण तास बसची वाट बघणारे, स्कॉलरशिपचे पैसे खात्यात येतील म्हणून पासबुक भरून आणणारे, हेही आपणच. आपल्याला थांबता येत नाही, हे साफ खोटं आहे.

मग अडतं कुठे? जिथे आपलं काही चालत नाही तिथे आपण मुकाट थांबतो. विद्यापीठाच्या खिडकीवर ‘उद्या या’ म्हटलं की ‘हो सर’ म्हणून परत फिरतो. आणि जिथे समोरचा आपल्यापेक्षा दुबळा आहे, तिथे आपला धीर दोन मिनिटांत संपतो. रायडरला फोन लावून ‘भैया, किधर हो?’ हे आपण ज्या आवाजात विचारतो, तो आवाज परीक्षा विभागात कधी निघतो का? एक स्टार देण्याची सोय आपल्याला डिलिव्हरी करणाऱ्याबद्दल आहे, निकाल लांबवणाऱ्याबद्दल नाही.

म्हणून मला वाटतं, अ‍ॅपने आपला धीर संपवलेला नाही. तो कुणासमोर ठेवायचा आणि कुणासमोर सोडायचा, याची एक वाईट सवय आपल्याला होतीच. अ‍ॅपने ती अंगठ्याच्या एका टॅपवर आणून ठेवली.

आणि हा ‘समोरचा’ फार लांबचा नाही. नीती आयोगाच्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील असा अंदाज आहे. सकाळी लेक्चर आणि संध्याकाळी शिफ्ट करणारा एखादा तुमच्या वर्गातही असेल. मागच्या बाकावर डुलक्या का काढतो म्हणून आपण त्याची टर उडवतो, तोच.

घाईचं बिल

आता तो सुरुवातीचा आकडा आठवा. समजा महिन्यात २० ऑर्डर झाल्या आणि प्रत्येकीवर डिलिव्हरी, हँडलिंग, छोट्या ऑर्डरचा आकार असे मिळून ३० रुपये गेले. झाले ६०० रुपये. हे फक्त न थांबण्याचे. शिवाय ‘आणखी ६० रुपयांचं घ्या, डिलिव्हरी फ्री’ म्हणून घेतलेली चिप्सची पाकिटं वेगळीच. मेसच्या बिलावरून वाद घालणारे आपण, हा खर्च मात्र कुठे लिहूनही ठेवत नाही.

यात सगळा दोष आपला नाही. ‘फक्त २ शिल्लक!’ हे बघून तुमचं बोट आपोआप पुढे जातं ना? ग्राहकाला असं भरीस घालणाऱ्या डिझाइनला डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे १३ प्रकार नोंदवून त्यांना बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात खोटी घाई निर्माण करणं आहे, कार्टमध्ये न विचारता वस्तू टाकणं आहे, शेवटच्या पानावर वाढीव आकार दाखवणंही आहे. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

बिलाचा आणखी एक भाग कोपऱ्यावरचं दुकान भरतंय. वितरकांच्या ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशनने २०२४ मध्ये दावा केला, की वर्षभरात देशातली सुमारे दोन लाख किराणा दुकानं बंद पडली आणि त्यामागचं मोठं कारण क्विक कॉमर्स आहे. हा एका बाजूचा दावा आहे, हे धरूनच वाचा. पण दुकान बंद झालं की काय जातं, ते हॉस्टेलवर राहणाऱ्यांना कळतं. घरून पैसे यायला उशीर झाला की वहीत नाव लिहून सामान देणारा माणूस जातो. अ‍ॅपही आता ‘पे लेटर’ म्हणून उधारी देतं, पण उधारी थकली तर ‘पोरा, जेवलास का?’ असं अ‍ॅप विचारत नाही. आणि अ‍ॅप कायम राहतीलच असं तरी कुठे आहे? या धंद्यात आधी उतरलेलं बेंगळुरूचं डन्झो बंद पडलं. कंपनी गेली, तिने लावलेली सवय पुढच्या अ‍ॅपने आयती घेतली.

मग अ‍ॅप उडवायचं का?

नाही. ‘अ‍ॅप डिलीट करा, मातीशी नातं जोडा’ असं सांगायला मी आलेले नाही. रात्री अकराला तीही डाउनलोड होतात, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यापेक्षा एक प्रश्न पाठ करा. ऑर्डर करण्याआधी स्वतःला विचारा, ‘उद्या चालेल का?’ औषध, पॅड, आजारी माणसाचं काही असेल तर उत्तर ‘नाही’ आहे, बिनधास्त मागवा. आईस्क्रीम, चार्जरची केबल, पेन असेल तर बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ येतं. रूमच्या दारामागे एक कागद चिकटवा, संपलेली वस्तू त्यावर लिहा आणि रविवारी चौघांनी मिळून एकदाच आणा. तीच जुनी यादी, फक्त ती एकट्या आईच्या डोक्यात नको.

दुसरी गोष्ट रायडरबद्दल. पाऊस असेल, तर ठिपका बघत बसू नका. पत्ता नीट लिहा, गेटपर्यंत खाली या. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून रेटिंग कापू नका. यात उपकार काहीच नाहीत, शेंडेफळ मोहरी आणायला गेलं की आपण त्याच्यावरही स्टॉपवॉच लावत नव्हतो.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. उतावळेपणा उरलाच असेल, तर तो योग्य ठिकाणी वापरा. सामाजिक सुरक्षा संहिता संसदेत २०२० मध्ये मंजूर झाली आणि लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना तिने पहिल्यांदा कायद्यात नाव दिलं. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. मंजुरीपासून अंमलबजावणीपर्यंत पाच वर्षं गेली. आपण १० मिनिटांवर चिडतो आणि या पाच वर्षांवर कुणी चिडलं नाही. विमा किती जणांना मिळाला, अपघातानंतर खर्च कुणी केला, हे विचारण्याची घाई जरूर करा. कॉलेजच्या डिबेटमध्ये करा, प्रोजेक्टमध्ये करा, प्रचाराला येणाऱ्या उमेदवारासमोर करा. रखडलेल्या निकालाबद्दल खिडकीवरही करा. तिथे ‘उद्या या’ म्हटलं तर ‘का?’ असं विचारून बघा.

तोवर, मोजलेल्या तीन ढिगांपैकी मधला ढीग किती मोठा निघाला? ‘संध्याकाळपर्यंत चाललं असतं’ वाला. तो आकडा आज वर्गाच्या ग्रुपवर टाका. सगळ्यांचे आकडे जमले, की त्यावर बोलायला १० मिनिटं पुरणार नाहीत.